डागांची बखर

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेलाच्या वाटीशेजारी उटण्याची वाटी मांडली जाते. एरवी वर्षभर साबणाच्या वडीवर भागवणाऱ्या घरांतही त्या दिवशी उटण्याचा मान कोणी काढून घेत नाही. चंदन, वाळा, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा ह्यांचा तो मिश्र वास नाकात शिरला की दिवाळी आली असे वाटते. परंतु ह्या वाटीत नुसता सुगंध नाही. माणसाची एक फार जुनी धडपडही तीत आहे. चरकसंहितेत शरीराचा वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण सांगितला आहे. त्यात चंदन आहे, वाळा आहे, ज्येष्ठमध आणि मंजिष्ठाही आहे. म्हणजे तोंडावरचा डाग जावा म्हणून आपण आज जी खटपट करतो, तीच आपले पूर्वजही करीत होते.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या ह्यांतच हयात गेली. पण वर्गात समोर बसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना पानिपतापेक्षा आपल्या हनुवटीवरच्या पुटकुळीची चिंता अधिक असते, हे बाकांकडे नुसते पाहूनच कळत असे. कोणी तास संपेपर्यंत गालावरचा हात काढीत नसे. कोणी वर्गाचा फोटो काढावयाच्या दिवशी नेमका आजारी पडे. ह्या मुरमांची, आणि मुरमे गेल्यावर मागे राहणाऱ्या काळ्या डागांची, बखर कोणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. ती थोडक्यात सांगावी असे यंदा योजले आहे. त्यास कारणही तसेच घडले. ते ओघाने येईलच.

काटेसावरीचे काटे

सुश्रुताने निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात चव्वेचाळीस 'क्षुद्ररोग' वर्णिले आहेत. क्षुद्र म्हणजे येथे लहान, तुच्छ नव्हे. तुच्छ असते तर शस्त्रक्रिया सांगणाऱ्या ग्रंथकाराने त्यांवर अध्याय खर्ची घातला नसता. त्या यादीत 'मुखदूषिका' नावाचा विकार आहे. कफ, वात आणि रक्त बिघडून तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या ह्या पुटकुळ्या, दिसावयास कशा, तर शाल्मलीच्या काट्यांसारख्या. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिच्या खोडावरचे बुडाशी रुंद आणि वर टोकदार असे काटे ज्याने पाहिले आहेत, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे वेगळे सांगावयास नको.

त्याच अध्यायात 'व्यंग' हा विकार निराळा सांगितला आहे. आपल्या घरांत ज्याला वांग म्हणतात तो हाच. राग आणि श्रम ह्यांनी उद्भवणारा, न दुखणारा, पातळ, सावळ्या रंगाचा डाग, असे त्याचे वर्णन आहे. मुरूम वेगळा आणि रंगाचा डाग वेगळा, हा भेद त्या काळीही वैद्यांना पक्का ठाऊक होता. आज दुकानातून ट्यूब आणताना आपण तो विसरतो, आणि पुढचे पुष्कळसे घोटाळे तेथूनच सुरू होतात.

उपचारही रीतसर सांगितलेले आहेत. शार्ङ्गधराने लोध्र, धने आणि वेखंड ह्यांचा लेप तारुण्यपीटिकांवर दिला. वाग्भटाने केशर घातलेले कुंकुमादी तेल सांगितले. पुढच्या वैद्यकग्रंथांत तर काटेसावरीचेच काटे दुधात वाटून लावण्यास सांगितले आहे. ज्याची उपमा द्यावयाची त्याचेच औषध! आणि गंमत अशी की, ह्या लेपाने तीन दिवसांत मुख कमळासारखे होते, असे आश्वासनही जोडलेले आहे. आठ दिवसांत गुण देण्याची भाषा आजच्या जाहिरातवाल्यांनी शोधून काढलेली नाही. घाई ही डागाइतकीच जुनी आहे.

असो. ह्या लेपांनी गुण किती येई हा वाद वैद्यांवर सोपवू. आपल्या आज्या सहाणेवर जायफळ उगाळून लावीत, मसुरीच्या डाळीचे पीठ साईत कालवीत. त्याने कोणाचे मूत्रपिंड निकामी झाले नाही, एवढे मात्र खरे. ते भाग्य पुढच्या औषधांना लाभले नाही.

देवीचे वण आणि सफेदा

एके काळी मुरमांच्या डागाचे कोणाला फारसे वाटत नसे, कारण त्याहून भयंकर डाग घरोघर होते. देवीच्या साथीतून जो वाचे त्याच्या तोंडावर खड्डे राहत. 'तोंडावर देवीचे वण' ही माणसाची ओळख पटवण्याची खूण म्हणून लिहिली जाई. युरोपातही तेच. तेथल्या उमराव घराण्यांतल्या स्त्रिया हे वण झाकण्यासाठी रेशमाच्या किंवा मखमलीच्या काळ्या टिकल्या डकवीत आणि त्याखाली शिशाच्या सफेद्याचा लेप देत. शिसे कातडीला खाई. कातडी खराब झाली की ती झाकावयास आणखी सफेदा लागे. इंग्लंडमध्ये रूपासाठी गाजलेली मरायया गनिंग, कॉव्हेंट्रीची काउंटेस, १७६० साली ऐन तारुण्यात वारली, तेव्हा लोकांनी दोष ह्या सफेद्यालाच दिला.

ह्या डागांवरचा खरा उपाय लेपातून आलाच नाही. तो आला एडवर्ड जेन्नरच्या लशीतून. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. डाग घालवण्यापेक्षा डाग पडूच न देणे सोपे, हा धडा तेथे पहिल्याने मिळाला. मुरमांच्या बाबतीतही तोच खरा आहे, हे पुढे दिसेल.

पारा, सोमल आणि क्ष-किरण

देवी मागे हटू लागल्या तसे लक्ष लहान डागांकडे वळले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कांती उजळावी म्हणून सोमलाच्या वड्या उघडपणे विकल्या जात. सोमल म्हणजे आर्सेनिक. ज्याने उंदीर मारावयाचे ते मुली पोटात घेत. वांग आणि तीळ घालवण्याच्या मलमांत पारा असे. पारा कातडीत रंग तयार होण्याची क्रियाच थोपवतो, म्हणून डाग खरोखरच फिका पडतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर व मज्जातंतूंवर घाव घालतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर मुरमांवर क्ष-किरण सोडीत. मुरमे सुकत, डॉक्टर आणि रोगी दोघेही खूश होत. पुढे कित्येक वर्षांनी त्यांतल्या काहींच्या गळ्याशी, थायरॉइड ग्रंथीत, कर्करोग दिसू लागला.

ह्या तिन्ही उपायांत एक साम्य आहे. तिन्ही गुणकारी होते! गुण लगेच दिसे, किंमत उशिरा कळे.

पारा गेला असे मात्र समजू नये. २०१३ च्या मिनामाता करारान्वये पारा घातलेली सौंदर्यप्रसाधने बंद करण्याचे राष्ट्रांनी ठरवले, तरी चोरून तो येतच राहिला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ ह्या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रोगी तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे मलम लावीत होते.

तुरुंगातली पाठ

आज मुरमांवर जे औषध साऱ्या जगात पहिल्या प्रतीचे मानले जाते, ते 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले आहे. मुरूम होतो कसा? वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे कातडीतल्या तेलग्रंथी जोरात चालू लागतात. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचे बूच बसते. आत तेल साठते, जंतू वाढतात, सूज येते. 'अ' जीवनसत्त्वाचे हे आम्ल, ट्रेटिनॉइन, बूच बसूच देत नाही. फिलाडेल्फियाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६९ साली त्याचा गुण प्रसिद्ध केला, आणि १९७१ मध्ये ते अमेरिकेत विक्रीस आले.

पण ह्या औषधाच्या मागे एक तुरुंग आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ पर्यंत क्लिगमन कैद्यांच्या अंगावर प्रयोग करीत होते. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय, गरीब. चार डॉलर मिळतात म्हणून पाठ पुढे करणारे. आपल्याला काय लावले जात आहे हे त्यांतल्या अनेकांना नीट सांगितलेही नव्हते. तुरुंगात प्रथम पाऊल टाकले तेव्हा आपल्याला माणसे दिसली नाहीत, एकरोगणती कातडी दिसली, अशा आशयाचे क्लिगमन ह्यांचे उद्गार पुढे कुप्रसिद्ध झाले. २०२२ साली फिलाडेल्फिया शहराने ह्या प्रकाराबद्दल जाहीर क्षमा मागितली. आपल्या मुलीच्या गालावर रात्री जे औषध लागते त्याचे मोल अगोदर कोणाच्या पाठीने दिले आहे, हे ठाऊक असलेले बरे.

ह्याच मंडळींनी १९६९ साली चॉकलेटचाही निकाल लावला होता. मुरमे असलेल्या ६५ जणांना, त्यांत निम्म्याहून अधिक कैदी, काही आठवडे भरपूर चॉकलेट खाऊ घातले आणि मुरमांशी त्याचा संबंध नाही असे जाहीर केले. पुढे ध्यानात आले की, तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती! २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, रक्तातली साखर भरकन न वाढवणारा आहार बारा आठवडे घेणाऱ्यांची मुरमे अधिक कमी झाली. तेव्हा शंकरपाळ्यांचा डबा मुलांसमोरून उचलू नये, पण आईचे म्हणणे अगदीच खोटे होते असेही नाही.

१९७५

बखरीत एखादे साल असे येते की सगळे धागे तेथे एकत्र होतात. डागांच्या बखरीत ते साल १९७५.

त्या वर्षी मे महिन्यात भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला. हजारो वर्षांचे वण संपले. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारताच्या बाजारात आले. एका डागाची भीती गेली आणि सावळेपणा हाच डाग आहे अशी दुसरी भीती दारात उभी राहिली. ह्या मलमाच्या नावातले 'फेअर' जावयास २०२० साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. फिट्झपॅट्रिक ह्यांनी उन्हाला कातडी कशी प्रतिसाद देते ह्यावरून तिचे प्रकार पाडले. आरंभी सारे प्रकार गोऱ्या कातडीचेच होते. सावळ्या आणि काळ्या कातडीला जागा मागाहून मिळाली. हा भेद आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गोऱ्या माणसाचा मुरूम गेला की लालसर खूण राहते. आपला गेला की काळी राहते. रंग करणाऱ्या पेशी सर्वांत सारख्याच असतात, पण आपल्या अधिक कामसू असतात. सूज आली की त्या जास्तीचा रंग ओततात. तो वरच्या थरात असला तर काही महिन्यांत झडून जातो; खाली उतरला तर वर्ष वर्ष राहतो. ही जखम नव्हे, हा संरक्षणाचा अतिरेक आहे.

आणि त्याच १९७५ मध्ये क्लिगमन ह्यांनी, विलिस ह्या सहकाऱ्यासह, डाग उतरवण्याचा एक नुस्खा प्रसिद्ध केला: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. ह्यातल्या हायड्रोक्विनोनच्या कुळाची ओळख अपघाताने झाली होती. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांचा रंग उडू लागला. मोज्यांत घातलेले एक रसायन त्यास कारण निघाले. त्याच्याच जवळचे हायड्रोक्विनोन पुढे डागांवर वापरात आले. पण १९७५ मध्येच दक्षिण आफ्रिकेतून बातमी आली की, ते वर्षानुवर्षे चोपडणाऱ्यांच्या गालांवर निळसर काळे, न जाणारे चट्टे उठत आहेत. डागाच्या औषधाने डाग!

हा तिहेरी नुस्खा डॉक्टरच्या हाती, ठरावीक आठवडे, उपयोगी आहे. आपल्याकडे मात्र तो औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून, जणू तोंडाला लावावयाचा स्नो म्हणून, घरोघर गेला.

घरातली गोष्ट

आता कारण सांगतो. माझी भाची अकरावीत असताना तिच्या गालांवर मुरमे उठली आणि मागे काळे ठिपके राहू लागले. मैत्रिणीने एक ट्यूब सुचवली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काही न विचारता दिली. आठ दिवसांत चेहरा लख्ख.

"मामा, बघा, डाग कुठे आहेत सांगा!" असे म्हणत ती माझ्यासमोर उभी राहिली होती. मलाही कौतुक वाटले.

चार महिन्यांनी तिच्या गालांची कातडी कागदासारखी पातळ झाली, लाल शिरा दिसू लागल्या, बारीक लव आली आणि मुरमे पूर्वीच्या दुप्पट उठली. ट्यूब एक दिवस चुकली की आग होई, म्हणून ती सुटेना. बारावीच्या निरोपसमारंभाला ती गेली नाही. "माझा फोटो कोणी काढायचा नाही," एवढेच म्हणाली आणि दार लावून घेतले. तिची आई बाहेर बसून रडत होती. क्षुद्ररोग म्हणावयाचा तो हा!

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब हातात घेतली, मागचे बारीक छापलेले वाचले आणि म्हणाल्या, "औषध वाईट नाही, फक्त ते ह्या चेहऱ्यासाठी नाही." त्या तिन्हींपैकी स्टेरॉइडने हा प्रताप केला होता. ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नव्हती, हे मला मागाहून कळले. भारतातल्या बारा केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारीसाठी आलेल्या २,९२६ रोग्यांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावीत होते, आणि अर्ध्याहून अधिकांना ते डॉक्टरांखेरीज दुसऱ्याच कोणी सुचवलेले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी आरडाओरडा केल्यावर २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. कायदा झाला, दुकानात तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचे काम मात्र आपल्याकडे राहिले.

भाचीचा चेहरा सावरावयास सव्वा वर्ष लागले. त्या काळात मी तिला ही बखर तुकड्यातुकड्यांनी सांगितली. सफेदा लावणाऱ्या काउंटेसची गोष्ट ऐकून ती प्रथमच हसली. डॉक्टरीणबाईंनी तिला एक सोपी युक्ती दिली होती: आरशात रोज पाहावयाचे नाही, महिन्याच्या एक तारखेला खिडकीशी, त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो काढावयाचा. रोज पाहिले तर फरक दिसत नाही आणि धीर सुटतो. सहाव्या फोटोनंतर तिने पहिला काढून शेजारी धरला, आणि मग आम्हांला काही समजावण्याची गरज उरली नाही.

मग करावे काय?

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले त्याचा सारांश देतो. ज्या घरात ह्या वयाचे मूल आहे तेथे तो उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे, नवी मुरमे थांबल्यावाचून जुने डाग मोजण्यात अर्थ नाही. देवीच्या लशीचा धडा तो हाच. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुवावे, घासू नये. मुरमे फोडू नयेत. फोडलेल्या मुरमाचा डाग खोल जातो. उटणेसुद्धा सुजलेल्या गालावर रगडू नये, आणि लिंबू, सोडा, दातांची पेस्ट हे प्रयोग तर करूच नयेत. ट्रेटिनॉइनच्या कुळातले अ‍ॅडापॅलिन रात्री सबंध तोंडाला मिळून मटारच्या दाण्याएवढे लावतात. बेंझॉइल पेरॉक्साइड हेही जुने खात्रीचे औषध; मात्र त्याने टॉवेलाचा रंग उडतो हे आईने आधीच जाणून असावे. गुण दिसावयास आठ ते बारा आठवडे लागतात. मुलीची पाळी फार अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, किंवा मुरमे मोठी, दुखरी, गाठीची असतील, तर डॉक्टरकडे जाण्यास उशीर करू नये.

दुसरे म्हणजे ऊन. डाग उन्हाने पुन्हा पुन्हा गडद होतो. तीस किंवा अधिक क्रमांकाचे सूर्यरोधक मलम, शिवाय छत्री किंवा टोपी. सावळ्या कातडीला नुसता लख्ख उजेडही डागाळतो. म्हणून लोहाच्या ऑक्साइडची तांबूस छटा दिलेले मलम आपल्याला अधिक उपयोगी. हे लोह-ऑक्साइड म्हणजे काही परकी वस्तू नव्हे. कुंडीला आपण जो गेरू लावतो त्याचा रंग त्याचाच.

तिसरे औषध डागाचे. अ‍ॅझेलेइक आम्ल मुरूम आणि डाग दोहोंवर चालते. त्याची कथा मला फार आवडते. अंगावर शिबे उठतात ती एका बुरशीने. तेथे कातडी फिकी का पडते, ह्याचा शोध १९७० च्या दशकात इटलीतले संशोधक घेत होते. त्यांतून हे आम्ल औषध म्हणून पुढे आले. काटेसावरीचा काटा ज्यांनी दुधात वाटला, त्यांना हे ऐकून नवल वाटले नसते.

चौथे, खड्डे. रंगाचा डाग मलमाने जातो, खड्डा जात नाही. त्यासाठी सुईने खालचे धागे सोडवण्याची रीत १९९५ मध्ये, आणि कातडीवर सूक्ष्म ठिपक्यांनी किरण सोडण्याची २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. पण मुरमे पुरती थांबल्यावर, आणि सावळ्या कातडीची सवय असलेल्या हातांनीच ते करावे. नाहीतर उपचाराचाच डाग राहतो.

आणि पाचवे घरच्यांनी पाळावयाचे. पाहुणे आले की "अगं, हिच्या तोंडाचं काय झालं?" असे विचारणारी एक मावशी किंवा काकू प्रत्येक दिवाळीत हटकून येते. तिला स्वयंपाकघरात नेऊन करंज्या तळावयास बसवावे. डाग आणि सावळा रंग ह्या दोन गोष्टी मुलांसमोर एका वाक्यात कधीही आणू नयेत. डाग जाऊन मूळचा रंग परत येणे, एवढेच ह्या उपचारांचे काम. मूळच्या रंगात दुरुस्ती करण्यासारखे काही नसते.

आपल्या वरच्या कातडीचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. हे काम ती कोणाच्या सांगण्यावाचून करीत असते. सफेदा, सोमल, पारा, क्ष-किरण आणि त्या ट्यूबा ह्यांनी तिला तेवढी सवड दिली नाही, आणि त्याचा दंड शेवटी तरुण चेहऱ्यांनी भरला. तेव्हा घरातल्या मुलामुलींच्या हाती डागाचे औषध देताना, ते किती महिन्यांचे आहे हेही तेव्हाच सांगावे, आणि तेवढे महिने त्यांच्या बाजूने उभे राहावे.